घड्याळ लावून द्यायच्या परीक्षा आणि परीक्षेची भीती : सराव पेपरपासून शेवटच्या मिनिटापर्यंत

सांगलीत विश्रामबागेपासून मिरजेपर्यंतच्या कुठल्याही अभ्यासिकेत एप्रिल महिन्यात जाऊन बसले, तर नीट, एमएचटी-सीईटी, जेईई मेन किंवा एमपीएससीची तयारी करणारी मुले एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत करताना आढळतात. घरी बसून सोडवलेली गणिते सुटतात, चाचण्यांमध्ये गुणही बऱ्यापैकी येतात, पण खऱ्या पेपरात घड्याळाकडे लक्ष गेले की डोके बंद पडते. त्यावर मिळणारा सल्लाही ठरलेला असतो. ‘घाबरू नकोस, शांत राहा’ असे सांगणाऱ्याचा हेतू चांगला असला, तरी आज्ञा केल्याने कोणाचीही भीती जात नाही, आणि शांत राहण्याचा प्रयत्न हे त्या तीन तासांतले आणखी एक काम होऊन बसते.

म्हणून या लेखात भीती घालवण्याचे उपाय फारसे सांगितलेले नाहीत. भीती असतानाही पेपर चालू राहावा, यासाठी परीक्षागृहात घ्यावे लागणारे जवळजवळ सगळे निर्णय आधीच घेऊन ठेवायचे, ही येथे मांडलेली मुख्य गोष्ट आहे. घाबरलेल्या माणसाला सूत्र आठवते, आकडेमोडही बरीचशी जमते; ‘हा प्रश्न सोडू की आणखी दोन मिनिटे देऊ’ हे मात्र त्याला ठरवता येत नाही. एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी. ज्यांचा अभ्यासच अपुरा आहे त्यांना या उपायांचा फारसा उपयोग होणार नाही, कारण त्यांना वाटते ती भीती बहुतेक वेळा परिस्थितीचा अचूक अंदाज असतो.

भीतीमुळे नेमके काय बिघडते

धोका जाणवला की शरीरात ॲड्रेनलिन वाढते, छातीत धडधड होते, तळहातांना घाम येतो आणि पोटात कालवाकालव होते. हे सगळे वाईटच असते असे नाही. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ साली उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की अवघड काम शिकताना फार सौम्य उत्तेजनाही उपयोगी पडत नाही आणि फार तीव्रही नाही. मधली पातळी सर्वांत चांगली ठरते. पुढे १९६७ साली लीबर्ट आणि मॉरिस या मानसशास्त्रज्ञांनी परीक्षेच्या भीतीचे दोन भाग वेगळे केले. एक भाग धडधड, घाम यांसारख्या शारीरिक लक्षणांचा आणि दुसरा ‘माझे काही खरे नाही’ या विचारचक्राचा. गुण कमी होण्याशी दुसऱ्या भागाचा संबंध अधिक आहे, असे तेव्हापासूनच्या अभ्यासांत वारंवार दिसून आले आहे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उदाहरण सोडवताना दिलेल्या किमती, अर्धवट झालेली आकडेमोड आणि पुढची पायरी हे सगळे काही सेकंद मनात एकत्र धरून ठेवावे लागते. ही जागा मुळातच थोडी असते. ‘वर्षभराची फी गेली, बाबांना काय सांगायचे’ हा विचार त्याच जागेत येऊन बसला, की किमती निसटतात आणि तीच ओळ चार वेळा वाचावी लागते. त्यामुळे भीतीचा फटका जीवशास्त्रातल्या सरळ आठवणीच्या प्रश्नांपेक्षा भौतिकशास्त्राच्या उदाहरणांना आणि गणिताला जास्त बसतो. ज्या विद्यार्थ्यांना आपले गणितच कच्चे आहे असे वाटते, त्यांतल्या कित्येकांचे गणित ठीक असते आणि वेळापत्रक कच्चे असते.

पहिली पायरी : भीती कुठे येते ते कागदावर पकडणे

पुढचा सराव पेपर सोडवताना दर दहा प्रश्नांनंतर समासात घड्याळातली वेळ लिहावी, आणि कुठे घशाला कोरड पडली किंवा हात थांबला, तर त्या प्रश्नासमोर एक फुली करावी. याला काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागत नाही. पेपर तपासताना नुसती बेरीज न करता गेलेल्या गुणांचे चार ढीग करावेत : मुळातच न येणारे, येत असून चुकलेले, वेळेअभावी हातही न लागलेले, आणि ओएमआरवर (वर्तुळे रंगवून द्यायच्या उत्तरपत्रिकेवर) चुकीच्या ओळीत गेलेले. पहिला ढीग अभ्यासाचा आहे. उरलेल्या तीन ढिगांकडे पाहिल्यावर भीतीचा माग लागतो.

जत तालुक्यातून सांगलीत राहायला आलेल्या एका विद्यार्थिनीची नीटची सराव प्रश्नपत्रिका या दृष्टीने पाहण्यासारखी होती. तिने भौतिकशास्त्र आधी घेतले होते. अकराव्या प्रश्नापर्यंतचे कच्चे काम नीटनेटके, एकाखाली एक ओळीत होते. बारावा प्रश्न घूर्णन गतीचा होता. त्याच्याभोवतीची सगळी पांढरी जागा भरून गेली होती, जडत्व आघूर्णाचे तेच सूत्र तीन वेळा लिहिले होते, आणि तिसऱ्या वेळी पेन इतके दाबले होते की पानाच्या मागच्या बाजूला वळ उठले होते. प्रश्न हातात घेतला तेव्हाची वेळ समासात दोन चौदा होती आणि सोडला तेव्हाची दोन तेवीस. त्यानंतरचे सहा प्रश्न तिने तीन मिनिटांच्या आत उरकले होते आणि त्यांतले चार चुकले होते. दोन तर केवळ सेंटिमीटरचे मीटर न केल्यामुळे. बाराव्या प्रश्नाचे चार गुण गेले ते गेलेच, पण नंतरच्या चार चुकांनी वीस गुण नेले : सोळा न मिळालेले आणि चार कापले गेलेले. तिची समजूत अशी होती की ‘फिजिक्स आलं की मला भीती वाटते’. कागदावर दिसत होते ते वेगळेच. अडलेला प्रश्न सोडून देण्याचा नियम तिच्यापाशी नव्हता, आणि वाया गेलेली नऊ मिनिटे भरून काढण्याच्या घाईत पुढचे प्रश्न गेले होते.

असे तीन-चार पेपर पाहिले की प्रत्येकाचे ठिकाण वेगळे असल्याचे लक्षात येते. कोणाची पहिली दहा मिनिटे जातात, कोणी शेवटच्या अर्ध्या तासात बरोबर उत्तरे बदलून चूक करतो, तर कोणाला शेजारच्याने पान उलटल्याचा आवाज ऐकला की धस्स होते. पुढच्या सगळ्या उपायांतून आपल्याला लागू होणारे तेवढेच उचलायचे असतील, तर हे ठिकाण आधी माहीत असले पाहिजे.

दुसरी पायरी : पेपरचे वेळापत्रक आधी ठरवणे

प्रत्येक परीक्षेचे गणित निराळे आहे आणि ते तोंडपाठ असावे. २०२५ पासून नीटमध्ये १८० मिनिटांत १८० प्रश्न असतात. त्यांत जीवशास्त्राचे ९० आणि भौतिक व रसायनशास्त्राचे प्रत्येकी ४५. सीईटीच्या पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) गटात भौतिक व रसायनशास्त्राच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला ५४ सेकंद मिळतात, तर गणिताच्या ५० प्रश्नांना स्वतंत्र ९० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला जवळपास एक मिनिट ४८ सेकंद. जेईई मेनमध्ये ७५ प्रश्नांना १८० मिनिटे असल्यामुळे प्रश्नामागे सरासरी दोन मिनिटे २४ सेकंद येतात. एमपीएससीच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत सामान्य अध्ययनाच्या १०० प्रश्नांना आणि सी-सॅटच्या (आकलन व तर्कक्षमतेच्या पेपरच्या) ८० प्रश्नांना प्रत्येकी दोन तास असतात.

ही सरासरी मात्र फसवी आहे, आणि बरीचशी घबराट तिच्यातूनच निर्माण होते. नीटमध्ये ‘एका मिनिटाला एक प्रश्न’ हे डोक्यात घेऊन बसलेला विद्यार्थी भौतिकशास्त्राच्या दोन मिनिटे खाणाऱ्या प्रश्नावर स्वतःला मागे पडलेला समजतो, जरी जीवशास्त्रात त्याने अर्धा तास वाचवलेला असला तरी. त्यामुळे प्रत्येक प्रश्नाचा हिशेब ठेवण्यापेक्षा टप्पे ठरवावेत. दोन ते पाच या वेळेत होणाऱ्या नीटसाठी एक मांडणी अशी करता येते : जीवशास्त्र पावणेतीनपर्यंत, रसायनशास्त्र तीन पस्तीसपर्यंत, भौतिकशास्त्र चार पस्तीसपर्यंत, आणि उरलेली पंचवीस मिनिटे सोडून दिलेल्या प्रश्नांसाठी. घड्याळ पाहायचे ते या तीन टप्प्यांवर. टप्पा चुकला तर काय करायचे, हेही आधी ठरलेले असावे : उरलेला भाग तसाच सोडून पुढच्या विषयाकडे जायचे आणि ती कसर शेवटच्या पंचवीस मिनिटांतून भरायची. जीवशास्त्र पहिले घ्यावे, असे मी आग्रहाने सांगतो. वर म्हटल्याप्रमाणे सुरुवातीच्या धडधडीचा आठवणीच्या प्रश्नांवर कमी परिणाम होतो, आणि नव्वद प्रश्न हातावेगळे झाल्यावर मन आपोआप खाली बसते. ज्याला भौतिकशास्त्र आधी घेऊनच बरे वाटते त्याने तसे करावे, पण सराव पेपरांतल्या नोंदींनी ते सिद्ध झाल्यावरच.

सीईटीत विषयांच्या क्रमाला एवढा वाव नाही, कारण गणिताचा भाग स्वतंत्र वेळेत येतो. तिथे पहिल्या ९० मिनिटांत भौतिक आणि रसायन यांपैकी कशाने सुरुवात करायची एवढेच ठरवायचे असते.

ओएमआरचा निर्णयही आधीच करून ठेवावा. सगळी वर्तुळे शेवटी रंगवण्याची सवय धोक्याची आहे, कारण घाई आणि थरथर दोन्ही त्याच वेळी शिगेला पोहोचलेली असतात, आणि एक प्रश्न सोडला असेल तर पुढची सगळी ओळ एका घराने सरकू शकते. प्रश्नपत्रिकेचे एक पान सोडवून झाले की त्या पानाची उत्तरे रंगवायची. पान बदलताना हाताला आणि डोळ्यांना तेवढीच विश्रांतीही मिळते.

तिसरी पायरी : सोडण्याचा नियम आणि अंदाजाचे गणित

पहिल्या फेरीत कोणत्याही प्रश्नाला किती वेळ द्यायचा याची एक मर्यादा ठरवावी. नीटसाठी दीड मिनिट आणि जेईई मेनसाठी तीन मिनिटे ही मर्यादा बहुतेकांना जुळते. सीईटीच्या पहिल्या भागात ती सव्वा मिनिटाच्या वर असू नये. पण परीक्षेत सेकंद मोजत बसता येत नाही, म्हणून नियमाला कृतीची खूण जोडावी : दुसऱ्यांदा वाचूनही पहिली पायरी लिहिता आली नाही, किंवा तेच सूत्र दुसऱ्यांदा लिहिले गेले, की प्रश्नाच्या क्रमांकाभोवती गोल करायचा आणि पुढे जायचे. सोडलेला प्रश्न गमावला असे वाटते, तिथेच मन अडकते. गोल केल्यामुळे तो परत येण्यासाठी ठेवला आहे असे मनाला पटते. संगणकावरच्या परीक्षेत हे काम ‘रिव्ह्यू’साठी खूण करण्याच्या बटणाने होते. जेईई मेनच्या पडद्यावर उत्तर दिलेला प्रश्न हिरवा, पाहून सोडलेला लाल आणि पुन्हा पाहायचा जांभळा दिसतो. उत्तर नोंदवून खूणही केली असेल तर जांभळ्यावर हिरवा ठिपका येतो आणि ते उत्तर तपासणीत धरले जाते. हे माहीत नसल्यामुळे शेवटच्या पाच मिनिटांत एकेक खूण काढत बसणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत.

अंदाजाने उत्तर द्यायचे की नाही, हा वाद परीक्षागृहात मनाशी घालायचा नसतो. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीचा एक गुण कापला जातो. चारही पर्याय सारखेच अनोळखी असतील, तर एका प्रश्नामागे सरासरी पाव गुण पदरात पडतो, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर ही सरासरी पाऊण गुणाच्या जवळ जाते आणि दोन बाद झाले तर दीड गुण होते. यावरून नियम सरळ निघतो : दोन पर्याय बाद झाले तर उत्तर द्यायचेच, एक बाद झाला तर दुसऱ्या फेरीत द्यायचे, आणि एकही बाद होत नसेल तर हात लावायचा नाही. शेवटच्या बाबतीत गणित किंचित फायद्याचे असले तरी मी नको म्हणतो, कारण घाबरलेला माणूस खरोखर चिठ्ठी टाकल्यासारखा पर्याय निवडत नाही; तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दाकडे ओढला जातो, आणि पेपर काढणाऱ्याने सापळा नेमका त्याच शब्दात ठेवलेला असतो. एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांच्या पाव हिश्शाइतकी कपात होते, त्यामुळे हाच नियम तिथेही चालतो. सीईटीत निगेटिव्ह गुण नाहीत. तिथे एकही प्रश्न कोरा सोडणे म्हणजे मिळू शकणारा गुण नाकारणे आहे, म्हणून शेवटची दोन मिनिटे फक्त उरलेले पर्याय भरण्यासाठी राखून ठेवावीत.

हे सगळे नियम एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावले पाहिजेत. मावत नसतील तर ते जास्त झाले आहेत.

चौथी पायरी : सराव परीक्षेसारखाच करणे

नीट दुपारी दोनला सुरू होते, आणि सांगलीत मे महिन्याच्या त्या वेळी अभ्यासिकेतली निम्मी मुले टेबलावर डोके टेकून झोपलेली असतात. ज्याचे शरीर रोज दुपारी दोनला झोपते, त्याच्याकडून एका रविवारी त्याच वेळी सर्वोत्तम कामाची अपेक्षा करणे चुकीचे आहे. परीक्षेच्या आधीचे सहा आठवडे पूर्ण सराव पेपर ज्या वेळेला खरा पेपर असतो त्याच वेळेला सोडवावेत. जेईई मेनचे विद्यार्थी सकाळी नऊची आणि दुपारी तीनची अशा दोन्ही वेळांची सवय करून घेऊ शकतात, कारण सत्र आपल्या हातात नसते. आठवड्याला दोन पूर्ण पेपर पुरेसे आहेत. रोज एक सोडवून त्याकडे ढुंकूनही न पाहण्यापेक्षा दोन सोडवून दोन्हींचे चार ढीग करणे चांगले.

बारकावे येथे महत्त्वाचे ठरतात. नीटमध्ये मनगटी घड्याळ नेता येत नाही आणि पेनही केंद्रावर मिळते. वर्षभर मनगटावर पाहून पेपर सोडवणाऱ्याचा हात त्या दिवशी रिकाम्या मनगटाकडे जातो, आणि भिंतीवरचे घड्याळ मागच्या बाजूला असले तर तो कावराबावरा होतो. म्हणून घड्याळ काढून ठेवून, साध्या काळ्या बॉलपेनने, खऱ्या ओएमआरच्या प्रतीवर सराव करावा. अधूनमधून पंखा बंद ठेवावा. शांत खोलीतच अभ्यास करणाऱ्याने एखादा पेपर जिथे माणसांची ये-जा आहे अशा जागी सोडवावा, कारण पर्यवेक्षक सह्या घ्यायला येतात, शेजारी कोणी खोकते आणि बाहेर वळवाचा पाऊस पत्र्यावर वाजू लागला तर त्याला थांबवता येत नाही. संगणकावरच्या परीक्षेसाठी मोबाइलवर दिलेल्या चाचण्या पुरेशा नाहीत. पडद्यावर वाचून कागदावर आकडेमोड करणे आणि माउसने उत्तर नोंदवणे यासाठी मान आणि हात दोन्हींना सवय लागते.

अभ्यासाच्या पद्धतीलाही येथे महत्त्व आहे. २०१६ साली अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठातील संशोधकांनी सहभागी झालेल्यांच्या एका गटाला मजकूर पुन्हा पुन्हा वाचायला लावला आणि दुसऱ्या गटाला तोच मजकूर न पाहता आठवायला लावला. नंतर त्यांच्यावर मुद्दाम ताण आणला असता वाचणाऱ्यांची आठवण घसरली, तर आठवण्याचा सराव केलेल्यांची टिकून राहिली. शेवटच्या महिन्यात रंगीत रेघा मारलेल्या नोट्स पुन्हा वाचण्यात जाणारे तास म्हणूनच भीतीच्या दृष्टीने वाया जातात. वही मिटून कोऱ्या कागदावर अभिक्रिया लिहून काढणे त्रासदायक असते, पण परीक्षेत नेमके तेच करायचे असते.

पाचवी पायरी : श्वास

‘दीर्घ श्वास घे’ हा सल्ला अर्धवट आहे आणि कधीकधी अपायकारकही ठरतो. घाबरलेला माणूस आधीच भरभर श्वास घेत असतो. त्यात तो छाती फुगवून मोठमोठे श्वास घेऊ लागला, की रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी कमी होतो, बोटांना मुंग्या येतात आणि गरगरल्यासारखे वाटते. मग त्याला वाटते की आपल्याला काहीतरी गंभीर होत आहे. खरा उपयोग श्वास सोडण्याचा आहे. नाकाने चार अंक मोजत नेहमीएवढाच श्वास घ्यावा आणि सात किंवा आठ अंक मोजत सावकाश सोडावा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडण्याचा वेळ लांबवायचा. अशा चार आवर्तनांना पाऊण मिनिट लागते. याबरोबर पायाची बोटे बुटात किंवा चपलेत घट्ट आवळून पाच सेकंदांनी सैल सोडावीत. खांदे आपोआप खाली येतात.

हे रोज रात्री आणि प्रत्येक सराव पेपरच्या आधी केलेले असेल तरच परीक्षेच्या दिवशी उपयोगी पडते.

सहावी पायरी : शेवटचे दोन दिवस

केंद्र सांगली-मिरजेतच असेल तर आदल्या दिवशी जाऊन फाटक पाहून यावे. सारख्या नावाच्या दोन शाळांमुळे ऐन वेळी धावपळ झाल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात. केंद्र कोल्हापूर किंवा साताऱ्याला आले असेल, तर नीटसाठी दुपारी दीडला फाटक बंद होते हे धरून एसटीची वेळ ठरवावी, आणि आटपाडी, जत, शिराळा अशा लांबच्या भागातून येणाऱ्यांनी शक्य असल्यास आदल्या रात्रीच मुक्कामाला जावे. प्रवेशपत्र, ओळखपत्र, फोटो आणि पारदर्शक पाण्याची बाटली एकाच पिशवीत भरून दाराजवळ ठेवावी. कपड्यांचे नियम प्रवेशपत्रावर दिलेले असतात. फाटकावर बूट काढायला लागले की नसलेली भीतीही जागी होते.

आदल्या रात्री झोप नीट लागली नाही तरी घाबरण्याचे कारण नाही. त्याआधीच्या तीन-चार रात्री चांगल्या झालेल्या असतील, तर एका अपुऱ्या झोपेने पेपर बिघडत नाही. झोप येत नाही म्हणून पहाटे तीनला उठून पुस्तक उघडल्याने मात्र बिघडतो. जेवण नेहमीचेच, थोडे कमी असावे. भाकरी, वरण-भात, मुगाची खिचडी यांपैकी जे रोज पचते तेच. गोडाधोडाचा बेत संध्याकाळी करता येईल. चहाही रोजच्याइतकाच घ्यावा. कॅफिनचा परिणाम निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, तेव्हा एरवी न घेणाऱ्याने त्या दुपारी कॉफी प्यायली, तर धडधड भीतीची आहे की कॉफीची हे त्यालाच कळणार नाही. मैत्रिणीने दिलेली ‘थरथर थांबवणारी गोळी’ डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीही घेऊ नये. अशा कामासाठी वापरले जाणारे प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला धोकादायक ठरू शकते.

एक उपाय अनेकांना विचित्र वाटतो, पण करून पाहण्यासारखा आहे. शिकागो विद्यापीठातील जेरार्डो रामिरेझ आणि सायन बायलॉक यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परीक्षेआधी दहा मिनिटे आपली भीती कागदावर मोकळेपणाने लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली, आणि सर्वांत जास्त घाबरणाऱ्यांना त्याचा अधिक फायदा झाला. केंद्रावर निघण्यापूर्वी एका रद्दी कागदावर ‘नापास झालो तर’पासून सुरू होणारे सगळे लिहावे, कोणाला दाखवू नये आणि फाडून टाकावे.

सातवी पायरी : परीक्षागृहात

जागेवर बसण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन यावे. सूचना वाचण्याची मिनिटे सुरू झाली की श्वासाची चार आवर्तने करावीत आणि भिंतीवरचे घड्याळ कुठे आहे ते पाहून ठेवावे. धडधड होत असेल तर तिच्याशी भांडू नये. २०१० साली जेरेमी जेमिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जीआरईची (अमेरिकेतील पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेची) तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगितले होते की अशी उत्तेजना कामगिरीला मदत करू शकते. त्या विद्यार्थ्यांचे गणिताचे गुण इतरांपेक्षा चांगले आले. ‘धडधडते आहे, म्हणजे शरीर कामाला लागले आहे’ एवढे मनाशी म्हणावे आणि पेपर उघडावा.

पहिले पाच प्रश्न शब्दन् शब्द वाचून, मुद्दाम सावकाश सोडवावेत. पहिल्या पानावरचा प्रश्न अवघड निघाला तर तो सगळ्यांनाच अवघड आहे असे समजून गोल करावा. संपूर्ण पेपर आधी चाळून पाहण्याची पद्धत बोर्डाच्या परीक्षेत उपयोगी पडते, पण १८० प्रश्नांच्या पेपरात ती फक्त भीती वाढवते.

डोके खरोखरच कोरे पडले, तर त्यासाठीही क्रम ठरलेला असावा. पेन खाली ठेवायचे. पाय जमिनीवर पूर्ण टेकवून तीन वेळा सावकाश श्वास सोडायचा. त्यानंतर अडलेल्या प्रश्नाकडे परत न जाता, आधीच सोडवलेल्या आणि खात्रीने बरोबर असलेल्या एका प्रश्नावर नजर टाकायची, आणि त्यापुढचा सर्वांत सोपा दिसणारा प्रश्न घ्यायचा. सूत्र ओठावर असून आठवत नसेल, तर कच्च्या कामाच्या जागेत त्या धड्यातले आठवेल ते लिहावे : चिन्हे, एकके, पाठ्यपुस्तकातली आकृती. आठवण बहुधा अशी शेजारून येते, समोरून ओढून येत नाही. या सगळ्याला दीड मिनिट लागते, आणि शेवटी राखून ठेवलेल्या पंचवीस मिनिटांत त्याची तरतूद आहेच.

उत्तर बदलण्याविषयी भीतीपेक्षा पुराव्याला विचारावे. प्रश्नातला ‘नाही’ हा शब्द वाचायचा राहिला होता, एकक चुकले होते, आकडेमोड पुन्हा केली असता वेगळी आली, अशा वेळी उत्तर जरूर बदलावे. ‘सलग चार वेळा क आलाय, म्हणजे काहीतरी चुकलंय’ या कारणासाठी बदलू नये. ओएमआरवर शाईने रंगवलेले वर्तुळ बदलता येत नाही, म्हणून शंका वर्तुळ रंगवण्याआधीच मिटवायची.

आठवी पायरी : पेपर संपल्यावर

एमपीएससीच्या पूर्वपरीक्षेत एकाच दिवशी दोन पेपर असतात. मधल्या सुटीत पहिल्या पेपरची उत्तरे जुळवणाऱ्यांच्या घोळक्यातून बाजूला व्हावे, काहीतरी खावे आणि सावलीत बसावे. सी-सॅटमध्ये ३३ टक्के गुण मिळवून पात्र होणे एवढेच लागते, पण सकाळच्या पेपरच्या दुःखात तेच गमावणारे उमेदवार कमी नाहीत. सीईटीत वेगवेगळ्या सत्रांचे पेपर वेगळे असतात आणि निकाल पर्सेंटाइलमध्ये, म्हणजे आपल्याच सत्रातल्या किती टक्के विद्यार्थ्यांना आपल्याइतके किंवा कमी गुण आहेत यावरून लागतो. कालच्या सत्रातल्या मित्राचे किती प्रश्न सुटले, यावरून आपल्याविषयी काहीही कळत नाही.

घरच्यांसाठी

तासगावकडे द्राक्षबागेवर कर्ज असताना क्लासची फी भरणारे वडील मुलाला घालूनपाडून बोलत नसले, तरी मुलाला ती फी आठवत असतेच. म्हणून शेवटच्या आठवड्यात खर्चाचा, शेजारच्या मुलाच्या गुणांचा आणि ‘यंदा व्हायलाच पाहिजे’चा विषय घरात काढू नये. ‘आमचा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे’ हे वाक्यही दडपण आणते, कारण तो विश्वास खरा ठरवण्याचे काम मुलावर येते. त्याऐवजी प्रवासाची, जेवणाची आणि कागदपत्रांची जबाबदारी आई-वडिलांनी उचलावी, आणि निकाल काहीही लागला तरी पुढचे दोन रस्ते कोणते, हे परीक्षेच्या बरेच आधी, शांतपणे, एकदाच बोलून घ्यावे. फाटकाबाहेर पहिला प्रश्न ‘पेपर कसा गेला?’ हा नसावा. ‘भूक लागली का?’ हा असावा.

काही वेळा हे सगळे उपाय अपुरे पडतात. आठवडेच्या आठवडे झोप न लागणे, पेपरच्या नुसत्या विचाराने उलटी होणे, अचानक छाती भरून येऊन श्वास कोंडल्यासारखे वारंवार होणे, जेवण सुटणे किंवा खोलीबाहेर न येणे, यांतले काहीही दिसले तर तो अभ्यासाचा आळस समजू नये आणि परीक्षा होईपर्यंत थांबूही नये. शासकीय रुग्णालयातील मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे. अशा त्रासावर समुपदेशनाने आणि गरज असल्यास औषधाने चांगला गुण येतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते. मुलाच्या किंवा मुलीच्या तोंडून ‘जगण्यात अर्थ नाही’ असे एकदा जरी निघाले, तरी त्याच दिवशी हा क्रमांक लावावा, त्याला किंवा तिला एकटे सोडू नये, आणि त्या वर्षीची परीक्षा द्यायची की नाही हा प्रश्न डॉक्टरांशी बोलून झाल्यावरच हाती घ्यावा.